काकांच्या मापाचा खिसा

माझी मावशी आपल्या फुटबॉल संघाच्या मागे जगभर हिंडली आणि तिने एकही गोल पाहिलेला नव्हता. हे सांगितलं की लोकांना वाटतं, मी थट्टा करतेय. थट्टा मला आवडते, पण ही थट्टा नाही. संघ मोठ्या स्पर्धेला पात्र ठरला की मावशी बॅग भरायची, परदेशी जायची, स्टेडियममध्ये शिरायची आणि मैदानाकडे पाठ करून उभी राहायची. तिकडे बावीस माणसं घाम गाळताहेत आणि ही मागच्या रांगांमधली तोंडं एकेक करून बघतेय. मागच्यांना ते अर्थातच आवडायचं नाही. एकाने तिला समजावून सांगितलं होतं की बाई, चेंडू त्या बाजूला आहे. असेना, मला काय करायचाय, असं म्हणून तिने त्याचंही तोंड नीट पाहून घेतलं.

मावशी शिवणकाम करते. पडदे, गाद्यांची कव्हरं, सोफ्याच्या खोळी. घराची पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. त्यात एक लांब टेबल, एक मशीन आणि भिंतीला टेकलेले अस्तराच्या कापडाचे गठ्ठे. दिवसभर तिच्या ओठांत टाचण्या असतात. टाचण्या धरून ती जे बोलते ते निम्मं कळत नाही, आणि गिऱ्हाइकाशी वाद झालाच तर ते तिच्या सोयीचं ठरतं. स्वभावाने ती हट्टी आहे. आमच्या घरात हट्टीपणा आजीपासून चालत आलाय, पण मावशीच्या वाट्याला जरा जास्तच आला.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, टायरचं दुकान चालवायचे. बुटका, रुंद माणूस आणि पंजे असे की चहाचा कप हातात घेतला तर कप दिसायचा नाही. फुटबॉलचं त्यांना वेड होतं. गल्लीतल्या पन्नासेक टाळक्यांना जमवून त्यांनी एक मंडळ काढलं होतं, संघ जिथे खेळेल तिथे जाऊन ओरडायचं, एवढंच त्या मंडळाचं काम. त्यांनीच मावशीच्या मागे लागून ते कापड शिववून घेतलं. संघाच्या विटकरी रंगाचं, अस्तराचे तुकडे जोडून केलेलं, आमच्या अख्ख्या इमारतीवर घालता येईल एवढं. सामन्याआधी राष्ट्रगीत सुरू झालं की मंडळाने ते डोक्यावर धरायचं. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे माणसं दिसतच नाहीत, फक्त एक मोठा विटकरी चौकोन दिसतो.

पहिल्याच खेपेला वाऱ्याने ते सगळ्यांच्या हातून काढून घेतलं आणि खालच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या डोक्यावर टाकलं. मावशीला हा आपल्या शिवणकामाचा अपमान वाटला. तिने मंडळातल्या प्रत्येकाला बोलावलं, खाकी कागदावर हात पालथा ठेवायला लावला, खडूने भोवती रेघ मारली आणि कापडाच्या खालच्या अंगाला ज्याच्या त्याच्या मापाचे खिसे शिवले. हात खिशात घालायचा आणि वर रेटायचा. मग वारा येवो नाहीतर वादळ, कापड हलायचं नाही. ज्याचा खिसा त्याचाच. दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा नाही, असा मंडळाचा नियम झाला. त्यावर व्हायचे ते विनोद होऊन गेले.

त्याच्या पुढच्या स्पर्धेत काका गेले. मरण पावले असं मी म्हणत नाही. गेले. राष्ट्रगीताला कापड वर गेलं तेव्हा ते आपल्या जागी, आपल्या खिशात हात घालून उभे होते. कापड खाली आलं तेव्हा नव्हते. मंडळाचा भोंगा, म्हणजे ज्याच्या आवाजामुळे त्याचं खरं नाव सगळे विसरले तो सलूनवाला, त्यांच्या शेजारीच होता. त्याला वाटलं, मोकळं व्हायला गेले असतील. सामना संपला, स्टेडियम रिकामं झालं, तरी काका आले नाहीत. खोलीवर त्यांची बॅग होती, पासपोर्ट होता, दाढीचा ब्रश अजून ओला होता. तिथल्या पोलिसांनी दारांवरच्या कॅमेऱ्यांतलं सगळं तपासलं. काका आत जाताना दिसतात, गेटवरच्या माणसाला काहीतरी सांगून हसतातही. बाहेर येताना मात्र कुठल्याच दारावर दिसत नाहीत.

मावशी त्या वेळी घरी टीव्हीसमोर होती. कापड वर गेलेलं तिने पाहिलं. ती शिवण बघत होती, जोड कुठे दिसतोय का ते. एकही दिसला नाही म्हणून खूश झाली आणि चहा टाकायला उठली. हे ती अजून सांगते, आणि चहाशी आली की थांबते.

मग आमच्या घरात दोन पक्ष पडले. आईचा पक्ष म्हणायचा, पळून गेला, दुसरं बिऱ्हाड केलं असणार. बाबांचा पक्ष म्हणायचा, काहीतरी बरंवाईट झालं. मावशी दोन्हींत नव्हती. तिचं म्हणणं, ते आत गेले, बाहेर आले नाहीत, म्हणजे आतच आहेत. आतच म्हणजे कुठे, असं विचारलं तर ती टाचण्या तोंडात धरायची.

काकांचा खिसा रिकामा राहिला. मंडळाने त्या जागी एक नवा माणूस घेतला होता, त्याने एकच सामना काढला. खिसा घट्ट होतो म्हणाला. भोंगा त्याच्यावर खेकसला, कारण काकांच्या पंज्याएवढा पंजा गल्लीत कुणाचाच नव्हता. त्या खिशात त्या माणसाचे दोन्ही हात मावले असते. पण तो परत कापडाखाली आला नाही, आणि त्याची जागा घ्यायला कुणी पुढेही आलं नाही. तेव्हापासून ती जागा मोकळी ठेवतात. तिच्या एका बाजूला भोंगा आणि दुसऱ्या बाजूला मावशी, कारण पुढच्या स्पर्धेपासून मावशी स्वतःच जाऊ लागली होती.

यंदा संघ पुन्हा पात्र ठरला. तिकिटं काढणारा माणूस आईच्या ओळखीतला. तो सहज बोलून गेला की तुमच्या बहिणीने या वेळी फक्त जायचं तिकीट काढलंय. आई तडक तिच्याकडे गेली. दुकानातलं मशीन झाकून ठेवलेलं, गिऱ्हाइकांची अर्धवट कामं दुसऱ्या शिंपिणीकडे पोचवलेली आणि घराच्या किल्ल्यांचा जुडगा पाकिटात, त्यावर माझं नाव. आईने विचारलं, हे काय चाललंय. मावशी म्हणाली, या वेळी मी राहीन म्हणते. जशी माणसं दोन दिवस माहेरी राहीन म्हणतात तशी.

आईने मला फोन केला. जा आणि तिला घेऊन ये, एवढंच म्हणाली आणि रडली. आई रडली म्हणजे माझं काही चालत नाही. मी एका दाताच्या दवाखान्यात मदतनीस आहे. रजा मागितल्यावर डॉक्टरांनी असं तोंड केलं की जणू त्यांचीच दाढ काढायची होती. तरी मी निघाले, आणि परतीची दोन तिकिटं काढली.

आम्हाला खोली मिळाली ती एका लाँड्रीच्या वर. खालच्या यंत्रांमुळे फरशी दिवसभर कोमट असायची. पहिल्याच दिवशी मावशीने कापड उलगडलं. खोलीत ते मावेना, म्हणून थोडं थोडं ओढून, गुडघ्यांवर बसून तिने एकेक खिसा तपासला. मीही तपासले, बसल्या बसल्या दुसरं करायचं काय. प्रत्येक खिशाला त्याच्या माणसाच्या घामाचा डाग होता. भोंग्याच्या खिशाला तर त्याच्या सलूनमधल्या तेलाचा वाससुद्धा होता. काकांच्या खिशात त्या नव्या माणसाचा एक सामना सोडला तर इतक्या वर्षांत कुणाचा हात गेलेला नव्हता, तेव्हा तो नव्या कोटाच्या आतल्या खिशासारखा कोरा असायला हवा होता. तो सगळ्यांत मळका निघाला. तोंडाची कड घासून चकचकीत झालेली, आणि अंगठ्यापाशी शिवण नुकतीच उसवलेली.

मावशीने सुई ओवली. “दर खेपेला इथेच उसवतो,” ती म्हणाली. नवऱ्याच्या विजारीबद्दल बायका बोलतात त्या सुरात. मी म्हटलं, घडी घालताना ओढ बसत असेल. ती हो म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

पहिल्या सामन्याला मी कापडाखाली गेले नाही. बाजूच्या जिन्यावर उभी राहिले, म्हटलं बघू तर खरं. राष्ट्रगीत सुरू झालं आणि कापड वर चढलं. आता साधी गोष्ट आहे, ज्या जागी हात नाही तिथे कापड खाली यायला हवं, पावसात ताडपत्रीला पडतो तसा खळगा पडायला हवा. काकांची जागा मला पक्की माहीत होती. तिथे कापड सपाट होतं. भोंग्याच्या डोक्यावर थोडं झोल खात होतं, मावशीच्या डोक्यावरही खात होतं, तिथे मात्र नाही. मी मनाला समजावलं की शेजारचे दोघे ओढून धरत असतील. मग मध्येच त्या जागी कापडाला आतून चार उंचवटे आले आणि गेले. हात अवघडला की माणूस बोटं उघडमीट करतो, तसं. मी जिन्यावर मटकन बसले. एका पोलिसाने येऊन विचारलं, बरं आहे ना. मी म्हटलं, ऊन लागलं. आभाळ भरलेलं होतं, तरी त्याने मान डोलावली.

तो सामना आपण कसाबसा बरोबरीत सोडवला. पुढचा हरलो तर घरी, अशी वेळ आली. मधल्या दिवसात मी मावशीला सरळ विचारायचं ठरवलं. ती खिसे इस्त्री करत होती. खाली यंत्रं घरघरत होती. मी म्हटलं, तू त्या जागेला खेटून उभी असतेस, एवढी वर्षं. मैदानाकडे पाठ करून हजारो तोंडं बघतेस. मग शेजारच्या खिशात एकदा हात घालून का नाही बघितलंस. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तिने इस्त्री उभी करून ठेवली.

“आणि कुणी नसलं तर?” ती म्हणाली.

तिला उत्तर नकोच होतं. ती पुढे म्हणाली की नाहीतरी आता जिने चढवत नाहीत, पुढच्या स्पर्धेला आपल्याच्याने यायचं होणार नाही. म्हणून या वेळी ती हात घालणार होती. कुणी नसलं तर नसलं. असलं तर मात्र ती तो हात सोडणार नव्हती. ते जिथे गेले तिथे आपणही जायचं, आणि कापड खाली येईल तेव्हा तिची जागाही मोकळी असेल. हे सगळं तिने पडद्याला चुण्या किती घ्यायच्या ते सांगावं तसं सांगितलं. “तू आईला समजावून सांग,” ती म्हणाली. “आणि मशीनला तेल घालत जा.”

माझा राग नाकावरच असतो, तो आला. मी तिला म्हटलं की तुला खाटेला बांधून ठेवीन. भोंग्याला सांगून कापड जाळून टाकीन. ती हसली आणि म्हणाली, तू लहानपणीही अशीच पाय आपटायचीस. मग मी भोंग्याला गाठलं. मला वाटलं होतं तसं त्याला काही पटवून द्यावं लागलं नाही. तो जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. म्हणाला, वहिनींना मी नाही म्हणू शकत नाही, पण तुला त्यांच्या मागच्या रांगेत उभं करतो. आणि तू त्या बाजूला फार बघू नकोस. त्याने स्वतः कधी बघितलं होतं का, ते मी विचारलं. तो खाली गेला, लाँड्रीसमोर उभा राहून सिगारेट ओढत राहिला.

दुसरा सामना भर दुपारचा होता. आत जाताना आमच्या पिशव्या तपासल्या, कापड तपासलं, मावशीच्या पर्समधली कात्री काढून घेतली. आम्ही जागेवर पोचलो. मावशीच्या उजव्या हाताला काकांची रिकामी खुर्ची, तिच्या पलीकडे भोंगा. मी बरोबर मावशीच्या मागे. तिच्या पर्सचा पट्टा मी माझ्या मनगटाला गुंडाळून घेतला.

कापड वरून सरकत आलं आणि दुपार संपली. त्याच्याखाली सगळं विटकरी होतं. माणसांचे दात, नखं, डोळ्यांतलं पांढरंही. एवढ्या मोठ्या स्टेडियमचा आवाज शेजारच्या घरातून यावा तसा दबून येत होता. मंडळ राष्ट्रगीत म्हणत होतं. मी त्या बाजूला बघायचं नाही म्हणून मावशीच्या मानेकडे बघत राहिले. केस तिने आज नीट चापून बांधले होते. तिचा डावा हात तिच्या खिशात वर रेटलेला होता. उजवा तिने हळूच वर उचलला आणि बाजूला नेला.

मी पट्टा ओढला. पर्सच तिच्या खांद्यावरून निसटून माझ्या हातात आली. मग मला जे सुचलं ते मी केलं. खुर्चीची पाठ ओलांडून मधल्या जागेत उडी घेतली आणि तिचा हात पोचायच्या आत त्या खिशात माझा हात खुपसला.

आत हात होता.

त्या जागेत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पलीकडे भोंगा होता, त्याचे दोन्ही हात मला दिसत होते आणि डोळे त्याने गच्च मिटून घेतले होते. खिशाखाली, जिथे मनगट असायला हवं, तिथे माझंच मनगट होतं. आत मात्र एकाच्या मापात दोन हात होते. जाड पेरांचा, रुंद पंजा. तो आधी दचकला, मग बाकावर नवीन माणूस आलं की आपण जरा सरकतो तसा बाजूला झाला आणि माझ्या बोटांना जागा करून दिली. थोडा वेळ आम्ही दोघांनी मिळून कापड धरलं. नंतर त्या बोटांनी माझी बोटं नीट पसरवली, वर दाबली, पुन्हा एकदा दाबून पाहिली. जड सामान दुसऱ्याच्या हाती देताना आपण पाहतो, धरलंय ना. आणि मग तो हात निघून गेला. कापडाचा भार एकदम माझ्या खांद्यावर आला. माझं बळ ते केवढं. कापड खाली आलं, माझ्या डोक्याला टेकलं.

मावशीने तो खळगा पाहिला. तिचा हात हवेतच थांबला होता. इतक्या वर्षांत त्या जागी कापड पहिल्यांदा झोल खाल्लेलं ती बघत होती. ती शिवणकाम करणारी बाई, तिला दुसरं काही सांगावं लागलं नाही. राष्ट्रगीत संपलं, खालच्या रांगांनी कापड ओढून घेतलं आणि भक्क ऊन आमच्या डोळ्यांवर आलं. भोंग्याने डोळे उघडून आधी मावशी आहे का ते पाहिलं, मग मी. मग तो खाली बसला आणि तोंड पुसू लागला.

शिट्टी झाली. सामना सुरू झाला. मावशी नेहमीसारखी मैदानाकडे पाठ करून उभी होती, पण मागच्या तोंडांकडे बघत नव्हती. माझा हात तिने दोन्ही हातांत धरला होता आणि तो उलटसुलट करून तपासत होती.

“गार होता की गरम?” तिने विचारलं.

मला कळत होतं ती काय विचारतेय. गार म्हणाले असते तर ती घरी येऊन रडली असती आणि सगळ्यांनी तिला जवळ घेतलं असतं. तेच म्हणावं असं क्षणभर वाटलंही. पण दवाखान्यातल्या खुर्चीवर माणसं घाबरून माझा हात धरतात, रोज धरतात. हात कसा होता याबाबत माझी चूक होत नाही, आणि मावशीला टाचणीएवढंही खोटं कळतं.

“गरम,” मी म्हणाले. “घाम आला होता.”

आजूबाजूचे सगळे एकदम उठले, ओरडले, परत बसले. ती एकटी उभी.

“म्हणजे तब्येत बरी आहे,” ती म्हणाली. मग तिची हनुवटी थरथरायला लागली, आणि ते रडू नव्हतं. मी माझ्या मावशीला इतकी संतापलेली कधी पाहिली नव्हती. “हाताच्या अंतरावर उभी राहत होते मी. एवढं कापड उचलायला हात होता यांना. माझ्या खांद्यावर ठेवायला नव्हता?”

हे ती मला विचारत नव्हती. माझ्यामागच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारत होती, आणि उत्तरासाठी तिने खरंच वाट पाहिली. भोंगाही खुर्चीकडे बघत राहिला. खुर्चीची दुमडती बैठक वाऱ्याने किंवा कशाने तरी थोडी खाली झाली आणि पुन्हा वर गेली. मावशीने ते पाहिलं. तिने नाक पुसलं, पदर सारखा केला.

“राहा मग,” ती खुर्चीला म्हणाली. “मी उद्या घरी जातेय.”

माझ्या हातातून तिने पर्स घेतली. मग ती वळली, माझ्या शेजारी खाली बसली, आणि चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून तिने समोर पाहिलं. एवढं हिरवं मैदान आणि त्यावर धावणारी माणसं बघून ती जरा गोंधळली.

“आपल्याला कुठल्या जाळीत मारायचाय?” तिने विचारलं.

मी बोटाने पलीकडची जाळी दाखवली.

“लांब आहे गं,” ती म्हणाली आणि पर्स मांडीवर घेऊन बघत बसली.